नुसती काठी उरलीय. उपटू की थांबू?

पत्र: सात आठवड्यांपूर्वी अंगणात एक कलमी झाड लावलं. पिशवीतलं होतं, साधारण पाच फूट उंच, खोड अंगठ्याएवढं. पहिल्या पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी होऊन गळाली. शेंड्याकडची मात्र तपकिरी पडून फांदीवरच लटकत राहिली. ती परवा मीच ओढून काढली. आता नुसती काठी उरलीय. पाणी रोज एक बादली घालते, एक दिवसही चुकवलेलं नाही. नखानं साल खरवडून पाहिली तर एका ठिकाणी तपकिरी, एका ठिकाणी हिरवी. गेल्या आठवड्यात बुंध्याशी एक कोंब आलाय. घरातले काही जण म्हणतात उपटून दुसरं लाव, काही म्हणतात थांब. मुळं खणून बघायची भीती वाटते. काय करू?

उत्तर: झाड उपटू नका. रोजची बादली मात्र आजच थांबवा. बाकीचं सावकाश पाहू.

निदानाला लागणारी निम्मी माहिती तुमच्या पत्रातच आलेली आहे. साल कुठे तपकिरी, कुठे हिरवी दिसली म्हणून तुम्ही गोंधळलात, पण आजारी झाडात असंच दिसायचं. झाड एका क्षणी मरत नाही. ते भागाभागानं वाळत जातं. कधी शेंड्याकडून खाली, कधी मुळांकडून वर. म्हणून झाड कुठपर्यंत जिवंत आहे आणि ती हद्द अजून सरकतेय का, हे शोधायचं. एकदा नख लावून ते कळत नाही. निदान दोनदा, मध्ये दोन-तीन आठवडे सोडून, पाहावं लागतं.

पानांपासून सुरुवात करू. पान गाळणं हे जिवंत फांदीचं काम आहे. देठाच्या तळाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि तो पान सुटं करतो. फांदीत जीव नसेल तर हा थर तयारच होत नाही. तुमची खालची पानं आधी पिवळी पडली आणि आपोआप गळली, म्हणजे त्या वेळी तो भाग जिवंत होता. मुळांना पुरेसं पाणी ओढता येत नसलं की झाड पानं टाकून खर्च कमी करतं. लावणीनंतर हे इतकं नेहमीचं आहे की तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. शेंड्याची गोष्ट वेगळी. तिथली पानं वाळून लटकत राहिली, याचा अर्थ ती टाकून देण्याइतकी सवडही त्या फांदीला मिळाली नाही. शेंडा गेला, असंच बहुधा दिसेल. (ओक, बीच अशा काही झाडांची कोवळी रोपं थंडीत वाळकी पानं अंगावर वागवतात आणि तरी ठणठणीत असतात. पण ती पानं ऋतूप्रमाणे वाळतात, लावल्यावर पंधरा दिवसांत नव्हे.)

आता साल खरवडण्याची रीत. ही परीक्षा सगळ्यांना माहीत असते आणि बहुतेक जण ती चुकीच्या जागी करतात: खोडाच्या मध्यावर एकदाच नख लावायचं आणि निकाल द्यायचा. सुरुवात शेंड्यापासून करा. कोवळ्या फांदीला नख पुरतं. खोडासाठी छोटा धारदार चाकू घ्या आणि त्याचं पातं स्पिरिटनं पुसून घ्या. उभा, तांदळाच्या दाण्याएवढा ओरखडा पुरे. वरची कागदासारखी साल तेवढी निघाली पाहिजे, लाकडापर्यंत जायचं नाही. खाली जो पातळ थर दिसतो, तो बघायचा. जिवंत असेल तर ओलसर, किंचित बुळबुळीत, बहुतेक झाडांत हिरवा. मेलेला असेल तर कोरडा, तपकिरी, लाकडाला चिकटून बसलेला.

इथे एक गोम आहे. रंगावर फार विसंबू नका. जुन्या, जाड सालीच्या खोडात आतला थर हिरवा नसतोच, पांढरट किंवा पिवळसर असतो. काही जातींत तो मुळातच लालसर असतो. ओल मात्र फसवत नाही. बोटाला गार-ओलसर लागलं, तर रंग कोणताही असो, तिथे जीव आहे. याला अपवाद एकच: ओलं आहे, पण मळकट तपकिरी आहे आणि आंबूस वास येतोय. ती सड आहे, आणि ती वाळण्याहून वाईट.

शेंड्याकडून दर वीतभर अंतरावर एक ओरखडा, असं खाली या. जिथे पहिल्यांदा ओल लागेल तिथे रंगीत दोरा सैल बांधा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या निर्णयांत हा दोरा तुम्हाला मदत करील. मग खोडाच्या चारही बाजूंना एकेक ओरखडा घ्या, पण एकाच उंचीवर नाही, थोडे वरखाली. चारही एका रेषेत आले तर खोडाभोवती जखमांचं कडं तयार होतं, आणि सालीतून मुळांकडे जाणारं अन्न तिथेच अडतं. चारही बाजू पाहायच्या कारण कडक उन्हाची बाजू भाजून मेलेली आणि उरलेल्या बाजू शाबूत, असं नव्या झाडात होतं. शेवटी बुंध्याशी माती दोन बोटं बाजूला सारा आणि तिथली साल तपासा. एवढं झालं की थांबा. खात्री करून घेण्याच्या नादात अख्खं झाड सोलून काढलेलंही दिसतं.

यातून चार तऱ्हेची चित्रं निघतात. बुंध्यापासून काही उंचीपर्यंत ओल आणि वर कोरडं, तर ती शेंडेमर आहे. अशी झाडं सावरण्याची शक्यता सर्वात जास्त. उभी एक बाजू कोरडी आणि दुसरी ओली असेल, तरी झाड जगू शकतं, फक्त खोड त्या बाजूला कायमचं कमकुवत राहतं. वरून खालपर्यंत कोरडं असेल तर निकाल मुळांवर. आणि वर हिरवं पण बुंध्याशी तपकिरी, हे चौथं चित्र सर्वात फसवं. फांदीवर हिरवं दिसलं की जीव भांड्यात पडतो, पण फुलदाणीतली तोडलेली फांदीसुद्धा आठवडेच्या आठवडे हिरवी राहते. बुंध्याशी साल सर्व बाजूंनी गेलेली असेल तर वरचा भाग साठवलेल्या पाण्यावर दिवस काढतोय इतकंच. कारण तिथेच सापडतं: बुंध्याला टेकवलेल्या ओल्या मातीनं किंवा खतानं लागलेली सड, गवत कापायच्या यंत्राचा मार, उंदरांनी कुरतडलेली साल, किंवा रोपवाटिकेत बांधलेली आणि नंतर कोणी न सोडलेली सुतळी.

साठवणीवरून आठवलं: पालवी फुटली म्हणजे झाड लागलं, हेही खरं नाही. खोडात आणि जुन्या मुळांत साठलेल्या पिष्टावर झाड एकदा पालवी काढू शकतं, नवी मुळं फुटलेली नसतानाही. ती पानं आठ-दहा दिवस छान दिसतात, मग भर सकाळी माना टाकतात आणि झाड महिन्याभरात संपतं. दुपारच्या उन्हात पान मलूल झालं आणि संध्याकाळी सावरलं तर काळजी नको. सकाळी लवकरही मलूल असेल तर मुळं काम करत नाहीत. पालवी पूर्ण आकाराची होऊन कडक झाली आणि तिच्यामागून दुसरी फूट आली, की मग मुळं लागली म्हणायला हरकत नाही.

तुमच्या काठीवर पानं नाहीत, पण डोळे असतील. जुन्या पानाचा वण जिथे आहे, त्याच्या लगेच वर एक बारीक फुगीर टोक असतं, तोच डोळा. भरीव, घट्ट, चकचकीत असेल तर आशा आहे. बोटानं चुरडला आणि भुगा झाला तर तो गेला. शंका असेल तर एकच डोळा ब्लेडनं उभा चिरून बघा. आत हिरवा ठिपका असेल तर तो नुसता निजलेला आहे. एका डोळ्याचा बळी परवडतो. फांदी वाकवून पाहण्याची परीक्षाही लोक सांगतात. जिवंत फांदी लवते, मेलेली कट्कन मोडते. ढोबळमानानं बरोबर, पण शेवग्यासारख्या ठिसूळ झाडांत जिवंत फांदीही तशीच मोडते, आणि दमट हवेत मेलेली डहाळी लवते. तिच्यावर निकाल देऊ नका.

मुळांची भीती रास्त आहे. झाड उपटून बघणं म्हणजे नुकत्याच फुटलेल्या बारीक मुळ्या तोडणं. पण न उपटता पाहता येतं. आधी बुंधा दोन बोटांत धरून हलकेच हलवा. खोडाबरोबर आजूबाजूची मातीही किंचित उचलल्यासारखी हलली तर मुळांनी माती धरली आहे. खोड एकटंच डुलत असेल आणि बुंध्याभोवती मातीत फट पडत असेल, तर मुळं अजून पिशवीतल्या मातीच्या गड्ड्याबाहेर पडलेली नाहीत. सात आठवड्यांत तेवढं होणं शक्य आहे, त्यामुळे हे मृत्यूचं लक्षण मानू नका.

मग पिशवीतली मूळ माती आणि तुमची माती जिथे भेटतात, त्या रेषेवर एकाच बाजूला, तळहाताएवढ्या रुंदीचा आणि १५ सेंटिमीटर खोल चर हातानं उकरा. कुदळ नको, फावडं नको. पांढऱ्या किंवा फिकट टोकाच्या, टणक, तोडल्यावर कच्च्या भाजीसारख्या मोडणाऱ्या मुळ्या दिसल्या तर झाड कामाला लागलेलं आहे. वरची काठी कितीही ओसाड दिसो. मुळ्या तपकिरी असल्या तरी घाबरू नका, जुनी मुळं तपकिरीच असतात. त्यांचीही साल जरा खरवडा आणि आत पांढरं, ओलं आहे का पाहा. मुळी चिमटीत धरून ओढली की वरचं आवरण मोज्यासारखं निघून हातात येतं, आत दोऱ्यासारखी शीर उरते, आणि मातीला गटारासारखा वास येतो: ही पाण्यानं सडलेली मुळं. कोरडी, काडीसारखी मोडणारी असतील तर ती तहानेनं गेली. पाहून झालं की चर लगेच बुजवा आणि माती हातानं दाबा. मुळी उघड्या हवेत काही मिनिटांतही सुकते.

आता त्या बादलीविषयी. बादली १५ लिटरची धरली तर आठवड्याला शंभराच्या वर लिटर पाणी एका अंगठ्याएवढ्या खोडाला जातंय. साधारण हिशेब असा, की खोडाच्या दर अडीच सेंटिमीटर जाडीला एका वेळी ८ ते १० लिटर, आणि तेही माती मागेल तेव्हा. पानं असतानाचा हा हिशेब आहे. पानं नसलेलं झाड जवळपास पाणी पीतच नाही, कारण पाणी वर ओढलं जातं ते पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतली सगळी छिद्रं पाण्यानं भरली की मुळं गुदमरतात, सडतात, आणि सडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून जास्त पाण्यानं मरणारं झाड वरून तहानलेल्या झाडासारखंच दिसतं. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो. नवी झाडं या फेऱ्यात फार जातात.

तरीही तुमच्या झाडाला पाणी जास्त झालं हे मी पत्रावरून ठामपणे सांगणार नाही, कारण उलटही होऊ शकतं. पिशवीतली माती बहुतेकदा कोकोपीट, पालापाचोळा अशा हलक्या मिश्रणाची असते. ती एकदा पूर्ण कोरडी पडली की पाणी धरत नाही. वरून ओतलेलं पाणी गड्ड्याच्या कडेनं निसटून आजूबाजूच्या मातीत जातं. बाहेर चिखल आणि आत मुळांशी धूळ! म्हणून पेन्सिलच्या जाडीची कोरडी काठी घ्या आणि दोन ठिकाणी १५ सेंटिमीटर खोल घाला: एकदा खोडापासून चार बोटांवर, म्हणजे गड्ड्यात, आणि एकदा गड्ड्याबाहेर. पाच मिनिटांनी काढून बघा. दोन्हीकडे काठीला चिखल आला तर पाणी जास्त आहे. गड्ड्यातली काठी कोरडी आणि बाहेरची ओली, तर मुळं तहानलेली आहेत. दोन्हीकडे काठी ओलसर, पण माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोट लावल्यावर फुटतो, हा वाफसा. तोच टिकवायचा आहे.

चिखल निघाला तर पाणी बंद. वरची पाच-सात सेंटिमीटर माती कोरडी होईपर्यंत थेंबही नको, मग त्यात दहा दिवस जावोत. आळ्यात आच्छादन असेल तर तात्पुरतं दूर करा, म्हणजे माती श्वास घेईल. झाडापासून चार-पाच फुटांवर एक फूट खोल खड्डा घेऊन पाण्यानं भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि आता पाणी किती उतरतं ते मोजा. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर जागेचा निचराच वाईट आहे, आणि ही एकच अशी परिस्थिती आहे जिथे आजारी झाड मातीच्या गड्ड्यासकट उचलून उंचवट्यावर लावणं योग्य ठरतं. गड्डा कोरडा निघाला तर उलट उपाय: बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ती गड्ड्यावर उपडी लावा किंवा नळी अगदी थेंबथेंब सोडा, पाच लिटर पाणी तास-दोन तासांत जिरेल असं. एकदम ओतलं तर ते पुन्हा कडेनं पळेल. दोन-तीन दिवस असं केलं की गड्डा पाणी धरायला लागतो.

बुंध्याजवळची माती बाजूला साराल तेव्हा आणखी दोन गोष्टी पाहा. खोड जमिनीत शिरताना किंचित पसरट व्हायला हवं. तिथून पहिली मुळं फुटतात. ते खांबासारखं सरळ आत गेलेलं दिसलं तर झाड खोल लागलं आहे. पसरट भाग दिसेपर्यंत वरची माती अलगद काढून टाका. दुसरी गोष्ट पिशवीची. पिशवी फक्त तळाशी फाडून झाड खड्ड्यात ठेवलेलं पुष्कळदा आढळतं, आणि ‘आपोआप कुजेल’ असं सांगितलेलंही असतं. प्लास्टिक कुजत नाही. चर उकरताना ते हाताला लागलं तर पोहोचेल तेवढं कात्रीनं कापून काढा, गड्डा मात्र फोडू नका.

आता कोंबाकडे. पत्रातला सर्वात आनंदाचा भाग तोच आहे, आणि सर्वात फसवाही. तुमचं झाड कलमी आहे, म्हणजे ती दोन झाडं आहेत: खाली मुळांसकट खुंट, वर तुम्हाला हवी असलेली जात. दोन्ही जिथे जोडली गेली, तिथे खोडावर एक गाठ, तिरका वण किंवा जाडीतला फरक दिसतो. बहुतेकदा तो मातीपासून एक-दीड वीत उंचीवर असतो. तो सापडत नसेल तर झाड इतकं खोल लागलंय की जोड मातीखाली गेला आहे; माती काढून तो उघडा करा. जोडावर प्लास्टिकची पट्टी अजून असेल तर ब्लेडनं उभी चीर देऊन सोडवा. ती राहिली तर खोड जाड होताना तिथे करकोचा पडतो आणि वरचा भाग आवळून मरतो. निव्वळ या पट्टीनं मेलेली कलमं कमी नाहीत.

कोंब जोडाच्या वर असेल तर झाड तुमचंच आहे, शेंडा गेला तरी बिघडलं नाही. कोंब जोडाच्या खाली किंवा मातीतून आला असेल तर तो खुंटाचा आहे. पानांवरूनही ओळखता येतं: खुंटाची पानं मूळ पानांहून वेगळी असतात. काही लिंबूवर्गीय कलमांचा खुंट त्रिदळी पानांचा असतो, तो तर लांबूनही कळतो. अशा कोंबाचा अर्थ एवढाच, की मुळं जिवंत आहेत. वरच्या जातीबद्दल तो काहीच सांगत नाही.

खुंटाचा फुटवा दिसला की काढून टाका, असा नेहमीचा सल्ला. निरोगी झाडात तो बरोबर आहे. तुमच्या झाडात सध्या नाही. अंगावर दुसरं एकही पान नसताना मुळांना अन्न पुरवणारा तो एकटाच आहे. वरच्या भागाचा निकाल लागेपर्यंत राहू द्या; फार उंच जायला लागला तर त्याचा शेंडा खुडा. जोडाच्या वर डोळे फुटून पानं कडक झाली, की मग खुंटाचा कोंब जिथून आलाय तिथूनच हातानं खाली ओढून उपटा. कात्रीनं कापला तर उरलेल्या बुडख्यातून दोन-चार नवे येतात. आणि जोडाच्या वरचं सगळं कोरडं पडलं, तर खुंट वाढवून तो पेन्सिलएवढा जाड झाला की त्यावर नवं कलम बांधून घेता येतं. मुळं जागेवर बसलेली असल्यानं असं झाड पुन्हा आणून लावलेल्या रोपाच्या बरोबरीनं, कधी पुढेही, जातं. कलम बांधणारं कोणी जवळ नसेल तर मात्र नवं रोप आणणंच सोपं.

वाळलेला शेंडा लगेच कापायची घाई नको. दुसऱ्यांदा तपासेपर्यंत तसाच ठेवा, कारण हद्द नेमकी कुठे थांबते ते अजून कळलेलं नाही. आज दोऱ्याशी कापलं आणि वाळणं आणखी खाली आलं तर दुसरी जखम करावी लागेल. सड मात्र अपवाद: आंबूस वासाचा ओला तपकिरी भाग दिसला तर स्वच्छ भागापर्यंत लगेच कापा, दर कापाआधी पातं पुसा. एरवी हद्द थांबल्यावर, जिवंत भागातल्या एखाद्या चांगल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, किंचित तिरका काप घ्या. कापलेल्या तोंडावर लाकूड पांढरं-ओलं आणि भोवती हिरवं कडं दिसलं पाहिजे. मधोमध तपकिरी डाग दिसला तर आणखी खाली जा. एवढ्या बारीक कापावर काही लेप लावायची गरज नाही.

खत अजिबात नको, कोणतंही नको. दुबळ्या मुळांना रासायनिक खताचे क्षार उलट पाणी ओढू देत नाहीत, आणि ताजं शेणखत कुजताना तापतं. ‘टॉनिक’ म्हणून जे काही कोणी सुचवील तेही नको. झाड उपाशी नाही, त्याच्याकडे जेवायला तोंड नाही. सालीवर वाळवी दिसली तर तिच्यावर राग काढण्याआधी बघा, कारण ती बहुधा मेलेल्या सालीवर आलेली असते. ऊन फार असेल तर काठीला दुपारची थोडी सावली द्या. पानं नसल्यानं खोडाची साल उघडी पडते आणि भाजते. वाफसा आला की पाच ते सात सेंटिमीटर जाडीचं पाल्याचं आच्छादन पुन्हा घाला, पण बुंध्यापासून चार बोटं मोकळी ठेवून.

थांबायचं किती, हा घरातला खरा वाद दिसतो. आजपासून तीन आठवड्यांनी दोऱ्यापाशी पुन्हा ओरखडा घ्या. तिथे अजून ओल असेल तर वाळणं थांबलं. आता हा वाढीचा हंगाम असेल तर त्यानंतर चार ते आठ आठवड्यांत डोळे हलायला हवेत. पानगळीचा, विश्रांतीचा काळ असेल तर दिवस मोजण्यात अर्थ नाही. त्याच जातीची लागलेली झाडं फुटू देत, त्यानंतर आणखी सहा आठवडे द्या. नव्यानं लावलेलं झाड जुन्या झाडांच्या मागूनच फुटतं. दोरा ओलांडून हद्द खाली आली असेल तर नवा दोरा बांधा, आणि पाणी, पट्टी, पिशवी यांपैकी काय राहून गेलं ते पुन्हा तपासा. हद्द जोडाखाली उतरली, तर वरची जात गेली.

बियांपासून वाढलेल्या झाडाला याहून जास्त मुदत द्यावी. तिथे जोड नसतो, बुंध्यातून किंवा मुळाच्या माथ्यावरून आलेली फूट त्याच झाडाची असते. सालवृक्षाची रोपं तर कित्येक वर्षं वरून मरतात आणि त्याच मुळातून पुन्हा उठतात. सागाची लागवड पूर्वापार केली जाते तीसुद्धा मूळ आणि खोडाचा इंचभर तुकडा एवढंच ठेवलेल्या ठोंबांनी. अशा झाडाचं वरचं सगळं वाळलं तरी मुळाचा माथा ओला आहे तोवर एक पूर्ण वाढीचा हंगाम वाट पाहायला हवी.

तुम्ही विचारलेलं नाही, पण हे वाचून कोणी ताडवर्गातल्या झाडाला नख लावायला जाऊ नये म्हणून सांगतो: ताड, नारळ, सुपारी यांच्या खोडात सालीखाली असा जिवंत थर नसतो, तिथे खरवडून काहीच कळत नाही. शेंड्यातली मधली सुई, म्हणजे न उघडलेलं मिटलेलं पान, बघायची. ती हिरवी, घट्ट असेल आणि महिन्याभरात वर सरकलेली दिसली तर झाड जिवंत. हलकेच ओढल्यावर हातात आली आणि बुडाला वास असेल तर वाढीचा एकुलता एक कोंब सडला.

तुमच्या झाडाचं खोड दोन्ही वेळा वरपासून मातीखाली दोन बोटांपर्यंत चारही बाजूंनी कोरडं निघालं, तो बुंध्याचा कोंबही सुकला आणि मुळ्या काडीसारख्या मोडल्या किंवा मोज्यासारख्या सोलल्या, तरच उपटा. उपटाल तेव्हा लगेच फेकू नका. गड्डा पाण्याच्या टपात धुऊन मुळं बघा. पिशवीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली असतील तर रोपच जुनं, पिशवीत अडकून राहिलेलं होतं. पुढच्या वेळी घेताना पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आलेली रोपं टाळा. मुळं सडलेली असतील तर त्याच खड्ड्यात लगेच नवं लावू नका, खड्डा उघडा ठेवून उन्हात सुकू द्या आणि निचऱ्याची मोजणी आधी करा. मुळं चांगली आणि बुंध्याशी सालीला कडं पडलेलं दिसलं, तर दोष ना जागेचा ना पाण्याचा. सुतळी, पट्टी किंवा यंत्राचा मार यांपैकी काय होतं ते त्या वणावरच दिसेल.